जाड माणसाने सायकल घ्यावी कोणती?

मंडळी, आरंभीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. माझे वजन 104 किलो आहे. रेडिओवर नुसता आवाजच ऐकू येतो, तेव्हा हे सांगितले नसते तरी चालले असते. परंतु आजचा विषयच असा आहे की, बोलणारा किती किलोचा आहे हे कळल्यावाचून त्याच्या बोलण्याला वजन यायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, हालचाल वाढवा, नाहीतर गोळ्या सुरू करू." माझे वडील याच दुखण्याने गेले, आणि जाण्यापूर्वी त्यांचा एक पाय काढावा लागला होता. त्यामुळे डॉक्टरांना फार बोलावे लागले नाही. चालून पाहिले, तर गुडघे कुरकुरू लागले. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीटवर जातो, म्हणून सायकल घ्यायचे ठरवले. आणि घ्यायची तर मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेली, हलकी, वेगाची रोड बाइकच घ्यायची, हेही ठरवले. त्यात शहाणपण किती आणि हौस किती, ते विचारू नका.

शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने रंग विचारला, बजेट विचारले; वजन काही विचारले नाही. मीही सांगितले नाही. लाजच वाटली, दुसरे काय! सायकल देखणी होती. पुढच्या चाकाला 20 तारा, मागच्या चाकाला 24, आणि टायर 25 मिलिमीटर रुंदीचे. नवव्या दिवशी सकाळी वाईहून भुईंजच्या बाजूला निघालो असता मागून 'टण्' असा आवाज झाला. थोड्या वेळाने दुसरा. चाक असे आऊट झाले की ते ब्रेकला घासू लागले. सात किलोमीटर सायकल हातात धरून चालत आलो. वाटेत भाजीचा टेम्पो थांबला. आतला गडी म्हणाला, "मास्तर, सायकल दमली व्हय?" मीही हसलो. पण ती सायकल पुढे महिनाभर जिन्याखाली पडून होती, आणि डॉक्टरांकडे जायचे मी टाळू लागलो.

अखेर ती गावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक फिरवले, दोनदोन तारा चिमटीत दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "सर, तुमचं वजन जास्ती नाही, चाकाच्या तारा कमी हायेत. आन् आहेत त्या ढिल्या."

त्या वाक्यात सगळे आले. ते नीट समजून घेऊ या.

बैलगाडीचे चाक तुम्ही पाहिलेले आहे. त्याचा तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा असतो. जाड लाकडी आरा भार खाली दाबून घेतो. सायकलची तार बारीक. ती दाबाने वाकेल. म्हणून सायकलच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात, तंबोऱ्याच्या तारेसारख्या. तुम्ही बसता तेव्हा जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, आणि चाक फिरले की तो पुन्हा भरून येतो. एका किलोमीटरला चाक सुमारे 470 वेळा फिरते. म्हणजे वीस किलोमीटरमध्ये प्रत्येक तार नऊ हजारांवर वेळा सैल होते आणि ताणली जाते. मूळचा ताण पुरेसा असेल, तर तारेला त्याचे काही वाटत नाही. तो कमी असेल आणि वर भारी माणूस असेल, तर तार खालच्या बाजूला अगदीच ढिली पडते आणि हबजवळच्या बाकापाशी हलत राहते. लोखंडी तार हाताने पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसेच तिचे होते. मागच्या चाकावर भार पुढच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून बहुधा तार मागचीच जाते.

आता तुम्ही म्हणाल, आमचा दूधवाला दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लावून जन्मभर हिंडला, त्याची तार कधी तुटली नाही! अहो, त्याच्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला 40 तारा असत, आणि टायर दीड इंची. उत्तर तिथेच आहे.

तेव्हा तुमचे वजन नव्वद-शंभर किलोच्या पुढे असेल, तर दुकानात गेल्यावर रंग मागाहून पाहा, आधी मागच्या चाकाच्या तारा मोजा. 32 असाव्यात, 36 मिळाल्या तर फारच उत्तम. मनासारख्या सायकलीला कमी असतील, तर मागचे चाक जाणत्या माणसाकडून नवे बांधून घ्या. हलक्या फ्रेमसाठी जे दहा-पंधरा हजार जास्त मोजणार असाल, त्यातले थोडे या चाकावर घाला.

दुसरे टायर. सायकलीसकट माझा भार 115 किलो धरा. त्यातला सुमारे 70 किलो मागच्या टायरवर येतो. टायरमध्ये 100 पाउंड हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 किलो दाब असेल, तर एवढा भार रस्त्याला टेकतो जेमतेम दहा चौरस सेंटिमीटरवर. आगपेटीच्या पाठीपेक्षाही कमी जागा! हवा जरा कमी झाली आणि खड्डा आला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपते आणि तिला साप चावल्यासारखी जोडीने दोन भोके पडतात. टायर रुंद असेल, तर कमी हवेतही भार पेलतो, आणि बसणाऱ्याची हाडेही खिळखिळी होत नाहीत. म्हणून निदान 28, आणि आपल्या रस्त्यांना 32 मिलिमीटरचे टायर बरे. मात्र फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना, हे घेण्यापूर्वीच विचारा. घरी आणल्यावर फ्रेम रुंद होत नाही. टायरच्या कडेला हवेची कमाल मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नका. आठवड्यातून एकदा तरी पंपाने हवा पाहा.

सायकलीबरोबर एक पुस्तिका मिळते. ती सहसा कोणी वाचत नाही. तीत कमाल भार दिलेला असतो. बऱ्याच कंपन्यांचा आकडा 100 ते 125 किलोच्या आसपास असतो. तो नुसत्या माणसाचा की सायकल आणि सामान धरून, हे बघा. इथे दहा किलोंचा फरक पडतो. स्टील, अॅल्युमिनियम की कार्बन, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात; मला तो वाद निम्मा फुकटचा वाटतो. फ्रेम सहसा मोडत नाही, चाक मोडते.

ब्रेक मात्र डिस्कचे घ्या, विशेषतः घाटाच्या मुलखात. वजन दीडपट झाले की उतारावर थोपवायचा जोरही दीडपट होतो, आणि पावसात रिमवर दाबणारे रबरी गुटके दगा देतात.

चढाचेही गणित तेच. आमच्या वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जायचे, तर साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढावी लागते. पासष्ट किलोच्या पोराला जेवढे काम करावे लागते, त्याच्या दीडपट मला. म्हणून पुढचे लहान चक्र 34 दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठेही 32 किंवा 34 दात्यांचे मागून घ्या. 34 ला 34 लावले की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच्या वर थोडीच सरकते, पण सरकते! शर्यतीच्या सायकलीवर पोट आडवे येते आणि गुडघा त्याला लागतो. त्यासाठी हँडल उंच असलेला, लांबच्या प्रवासाचा प्रकार निवडा. सीट मऊ नको, बैठकीच्या हाडांच्या मापाची हवी. आणि पहिल्या स्वारीपूर्वी हृदय तपासून घ्यायला लाजू नका.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक विनंती. मी शाळेत असताना आमचे कवायतीचे मास्तर मला सावलीत बसवून इतरांचे बूट राखायला सांगत. त्यांनी ते मायेनेच केले. पण त्या सावलीतून उठायला मला चाळीस वर्षे लागली. तुमच्या वर्गातल्या जाड पोराला सायकल चालवू द्या; फक्त तिच्या चाकातल्या तारा एकदा दाबून बघा.

माझ्या सायकलीला आता मागे 36 तारा आहेत. वजन 111 होते, ते 104 झाले. गोळी अजून सुरू झालेली नाही. नवे चाक पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर मिस्त्रींकडे नेऊन पुन्हा ताणून घेतले होते, तेवढे तुम्हीही करा. सीटखालच्या पिशवीत चार जादा तारा ठेवतो. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या तारांची लांबी निरनिराळी असते, म्हणून दोन दोन दोन्ही मापांच्या.