मेनच्या अरण्यांतील शिधा

युद्धाचा इतिहास वाचतांना लक्ष सहसा रणांगणावर खिळून राहतें. सैनिक काय खात होते, रात्रीं कोठें निजत होते, या गोष्टी मागें पडतात. परंतु कांहीं मोहिमांचें भवितव्य पहिली तोफ सुटण्यापूर्वींच शिध्याच्या पिंपांत ठरत असतें. अमेरिकेंतील वसाहतवाल्यांनीं १७७५ सालीं मेनच्या अरण्यांतून क्वेबेकवर केलेली स्वारी ही अशांपैकींच एक होय.

इंग्लंडविरुद्धचें युद्ध तेव्हां नुकतेंच पेटलें होतें. क्वेबेक शहर इंग्रजांच्या हातीं होतें. त्यावर आडवाटेनें अचानक छापा घालावा म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यानें कर्नल बेनेडिक्ट आर्नोल्ड यास सुमारें ११०० लोक देऊन सप्टेंबरांत रवाना केलें. केनेबेक नदीनें वर चढावयाचें, डोंगर ओलांडावयाचा आणि शोदिएर नदीनें खालीं उतरावयाचें, असा बेत होता. वाट १८० मैलांची व वीस दिवसांची धरली होती. शिधा ४५ दिवसांचा घेतला होता. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षांत वाट जवळजवळ दुप्पट निघाली.

खरा घात केला तो नावांनीं. दोनशें नावा घाईघाईनें बांधावयाच्या होत्या. वाळलेलें लाकूड मिळेना, म्हणून ओल्या पाइनच्या फळ्या वापरल्या. खडकांवर आपटतांच त्यांचे सांधे उकलले. नॉरिजवॉकच्या धबधब्यापाशीं माल तपासला, तेव्हां पाव व वाटाणे पाणी पिऊन फुगले होते, सुक्या माशांचें मीठ धुवून जाऊन ते नासले होते आणि उन्हाळ्यांत खारवलेलें गोमांसही खाण्याजोगें राहिलें नव्हतें. उरलें तें मुख्यतः पीठ आणि खारें डुकराचें मांस.

दिनक्रम कष्टाचा होता. थंडगार पाण्यांत कमरेइतकें उतरून नावा ओढावयाच्या. धबधबा आला कीं त्या रिकाम्या करून खांद्यावर घ्यावयाच्या. रात्रीं ओल्या कपड्यांनिशीं शेकोटीभोंवतीं पडावयाचें. केनेबेक सोडून डेड नदी गांठण्यासाठीं बारातेरा मैलांचा दलदलीचा टापू तुडवावा लागला. तेथील तळ्यांत ट्राउट मासे भरपूर मिळाले, एवढेंच सुख. तळ्याच्या पिवळट पाण्यानें अनेकजण आजारी पडले. त्यांच्यासाठीं ओंडक्यांची एक खोपट उभारून तिचेंच रुग्णालय केलें.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वादळ होऊन डेड नदीला महापूर आला. नावा उलटल्या व शिधा वाहून गेला. मागील तुकडीचा अधिकारी रॉजर एनोस याच्या कप्तानांनीं परतण्याचा आग्रह धरला, आणि थोडेंसें पीठ पुढच्यांस देऊन ती तुकडी उरलेल्या शिध्यासह माघारीं वळली. पुढें एनोसची लष्करी चौकशी होऊन तो निर्दोष ठरला. परंतु भुकेल्या सोबत्यांना हा निर्णय पचला नाहीं.

त्यानंतर पीठ माणशीं वांटून दिलें. मिठावांचून त्याची पेज करावी, किंवा निखाऱ्यांत भाकऱ्या भाजाव्या. तेंही संपल्यावर लोकांनीं काडतुसांच्या पेट्यांचें व जोड्यांचें कातडें उकडून खाल्लें. कप्तान डिअरबॉर्न याचा आवडता कुत्राही भुकेल्यांच्या मुखीं पडला. या प्रवासांत कांहीं स्त्रियाही होत्या. जेमायमा वॉर्नर हिचा पति वाटेंत गळून पडला. ती त्याच्यापाशीं थांबली, आणि तो मरण पावल्यावर त्याचें प्रेत पाल्यानें झांकून, त्याची बंदूक घेऊन तिनें एकटीनें सैन्य गांठलें, अशी एका सैनिकाच्या रोजनिशींत नोंद आहे.

आर्नोल्ड पुढें धांवत जाऊन फ्रेंच शेतकऱ्यांच्या वस्तीला पोंचला होता. त्यानें धाडलेलीं गुरें व धान्य २ नोव्हेंबरला समोरून येतांना दिसलें, तेव्हां कित्येकांचे प्राण वांचले. आठवड्यानें सेंट लॉरेन्सच्या तीरावर सुमारें ६०० लोकच उतरले. ३१ डिसेंबरचा हल्ला फसला. त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु निम्मी फौज आणि जवळजवळ सारा शिधा अरण्यांतच गमावून हे लोक त्या तटापाशीं आले होते. लढवय्यांच्या धैर्यांत उणीव नव्हती. उणीव होती ती चार वाळक्या फळ्यांची.