शेतजमीन संपादनाचे कायदेशीर मार्ग



निजामी अमलात मराठवाड्यातील कुळाच्या हाती नांगर असे, कागद क्वचितच. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा निर्माण केला आणि त्या कुळास कसत्या जमिनीच्या खरेदीचा हक्क दिला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कित्येक सातबाऱ्यांचा उगम त्यातच आहे.

आज जमीन वारसा, वाटणी, बक्षीस, शासकीय प्रदान वा खरेदी यांनी मिळते. अधिक फसगत होते ती खरेदीत. मुद्रांकावर पंचांसमक्ष सही झाली, ताबा मिळाला, म्हणजे व्यवहार पुरा झाला असा समज अद्याप आहे. परंतु शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराचे खरेदीखत, १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार, सामान्यतः चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे सादर करावेच लागते. अन्यथा पैसे देऊनही मालकी येत नाही, आणि विक्रेत्याच्या पश्चात त्याचे वारस दाराशी उभे राहतात. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असल्यास सौद्यापूर्वीच परवानगीची चौकशी करावी. घेणारा शेतकरी नसल्यासही ती लागते.

वारसाने जमीन आली तर महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्यास (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कळवावे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे; तथापि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरली जाते. म्हणूनच चावडीवरील नोटिशीचे महत्त्व. परगावी दिलेल्या लेकीला ती दिसत नाही. पंचायत सदस्याला दिसते.