आठव्या वर्षी भेटलेले आई-वडील



दत्तक म्हटलं की दुपट्यातलं बाळ डोळ्यांपुढे येतं. आज मला बोलायचंय ते जरा मोठ्या मुलांबद्दल. शाळेत जाणारी, स्वतःचं नाव-गाव सांगता येणारी, काही वर्षं बालगृहात काढलेली मुलं. आपल्याकडे बहुतेक जोडप्यांना तान्हं मूल हवं असतं. त्यामुळे सात-आठ वर्षांची मुलं, एकत्रच जाऊ शकतील अशी भावंडं, मागे राहतात. त्यांतल्या काहींना शेवटी अमेरिका, इटली, स्पेन अशा देशांत घर मिळतं.

आधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बालगृहातलं प्रत्येक मूल दत्तक जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा, तसाच कर्जाचा. बापानं आत्महत्या केली, माय रोजमजुरीला जाते, म्हणून पोरगं संस्थेत आलं असेल, तर त्याला माय आहे. तिला उभं करणं हे पहिलं काम. राज्याच्या बाल संगोपन योजनेत अशा मुलासाठी महिन्याला 2250 रुपयांची तरतूद आहे. ती रक्कम वेळेवर हातात पडली, तर कितीतरी मुलं आपल्याच घरी वाढतील. ज्याला खरोखरच कुणी नाही, किंवा ज्याला सोडून दिलं गेलं, त्याची चौकशी बालकल्याण समिती करते. दोन वर्षांवरच्या मुलाच्या बाबतीत कायद्यानं या चौकशीला चार महिन्यांची मुदत घातली आहे. ही मुदत पाळली गेलीच पाहिजे, कारण तिकडे फाईल थांबते आणि इकडे मूल मोठं होत राहतं.

दत्तक देताना पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतात. परदेशातलं कुटुंब फोटोंचा अल्बम पाठवतं, व्हिडिओ कॉल होतो. घर दिसतं, सायकल दिसते, अंगणातला कुत्रा दिसतो. मूल ‘हो’ म्हणतं. पण रात्री पांघरूण घालणारी संस्थेतली मावशी आणि शेजारच्या पलंगावरचा मित्र आता भेटणार नाहीत, हे ‘हो’ म्हणताना आठ वर्षांच्या जिवाला कसं कळावं? ते कळतं तिकडे गेल्यावर. मग ते रडतं, आणि नव्या आई-वडिलांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. त्याला रडू द्यावं. मावशीचं नाव घरात मोकळेपणानं घेऊ द्यावं. जमेल तेव्हा तिच्याशी फोनवर बोलू द्यावं.

सुरुवातीचे आठवडे बहुधा गोड जातात. मूल पहिल्याच दिवशी ‘आई’ म्हणतं, सांगितलेलं सगळं ऐकतं, आल्या-गेल्याच्या मांडीवर जाऊन बसतं. घरची माणसं हरखून जातात. मला मात्र अशा वेळी थोडी काळजी वाटते. संस्थेत पाळ्या बदलतात, माणसं बदलतात, आणि येईल त्या मोठ्या माणसाला खूश ठेवायला मूल शिकलेलं असतं. खरी ओळख त्यानंतर सुरू होते. पोळ्या उशीखाली सापडू लागतात. खोटं बोलणं, आदळआपट सुरू होते. आणि एक दिवस तो प्रश्न येतो, “मला परत पाठवाल ना?”

इथे काही कुटुंबं खचतात. दत्तक नातं मोडून मुलं परत आल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत, आणि त्यांत मोठ्या वयाची मुलं जास्त असतात. मी त्या आई-वडिलांना हात जोडून सांगेन, हा प्रश्न विचारण्याइतका विश्वास तुम्ही कमावला आहे. आता उत्तर एकच, आणि ते रोज द्यायचं. आदळआपट झाली त्या रात्रीही जेवायला शेजारी बसवायचं. पोळीची चोरी म्हणून चर्चा करायची नाही. त्याच्या हाताला येईल असा एक डबा भरून ठेवायचा आणि तो रिकामा होऊ द्यायचा नाही. आठ वर्षांचं मूल भरवून घ्यायला मागेल, कुशीत झोपायला मागेल, तर ‘एवढा मोठा घोडा झालास’ असं म्हणू नये. जे राहून गेलं तेच ते मागतं आहे. आणि हो, वीस मुलांच्या खोलीत झोपणाऱ्याला स्वतंत्र खोलीतली शांतता भीतीची वाटते. काही महिने दिवा राहू द्या, दार उघडं राहू द्या.

हे सगळं किती काळ चालतं? 1989 नंतर रोमानियातल्या भयानक अनाथालयांतून ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांचा तिथल्या संशोधकांनी ती तरुण होईपर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी मोठेपणीही टिकल्या. तरी त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला तशी कुठलीच अडचण नव्हती. आपली बालगृहं त्या अनाथालयांसारखी नाहीत. तरीही वर्षभरात सगळं सुरळीत होईल, असं वचन मी कुणालाही देणार नाही.

वचन देता आलं नाही, तरी साथ सोडायची नाही, याचं उदाहरण जवळच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोडून दिलेल्या, अपंग, मतिमंद अशा शंभरावर मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं. अठरा वर्षं झाली की मुलानं संस्था सोडायची, हा नियम त्यांना कधीच पटला नाही. या मुलांना आयुष्यभराचा निवारा मिळावा म्हणून ते सरकारशी भांडत आले. ही दत्तकाची वाट नव्हे. पण सोडून न देणं म्हणजे काय, हे दत्तक घेणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना एक विनंती. ‘पोट्ट्यानं नशीब काढलं बाप्पा’ असं मुलासमोर बोलू नका. उपकाराच्या ओझ्याखाली कुणाला माया लागत नाही.

आणि संस्था चालवणाऱ्यांशी थोडं बोलायचंय. पॅरिसमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या आणि तोवर मोठ्या झालेल्या माणसांना तपासलं. मायबोली कानावर पडली तरी त्यांना ती इतर परक्या भाषांपेक्षा वेगळी ओळखता येत नव्हती. आपल्या पोराची वऱ्हाडीही अशीच जाईल, आणि तिच्यासोबत बरंच काही पुसट होईल. परदेशी गेलेल्या मुलाचा अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी येतो. पुढे अठरा वर्षांचं झाल्यावर ते आपलं मूळ शोधायला अर्ज करू शकतं. तेव्हा त्याला द्यायला आपल्याकडे काय असेल? म्हणून मूल आलं त्या दिवसापासून त्याची एक वही ठेवा. शाळेचे फोटो, मित्रांची नावं, मावशीचा फोटो, कोणत्या आजारात कोण जागलं, आवडीची भाजी, म्हणायचं ते गाणं, सगळं तारखेसह लिहा. ती वही मुलाच्या सामानात द्या, आणि तिची एक प्रत कार्यालयात, बदली झालेल्या अधीक्षकालाही सापडेल अशा जागी ठेवा.