इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशेब
(सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहाच मिनिटं दिली आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. "आमची बॅटरी दीडशे ॲम्पिअर-अवरची आहे, तरी तासाभरात बसते," ही तक्रार मला जिन्यात नेहमी ऐकू येते. सगळा दोष दुकानदाराला जातो. पण त्या दीडशेचा अर्थ काय?

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हा आकडा बहुधा 20 तासांच्या हिशेबाने लिहिलेला असतो. म्हणजे साडेसात ॲम्पिअर करंट 20 तास. एक पंखा आणि एखादा एलईडी दिवा लावला की साधारण एवढाच करंट जातो. आता पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून 500 वॅट आणि त्यात कोणी मिक्सर लावला, की झाले 800 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची, त्यात इन्व्हर्टरची घट, म्हणजे 80 ॲम्पिअरच्या आसपास. साधा भागाकार केला तर पावणेदोन तासांहून जास्त मिळायला हवेत. नव्या बॅटरीतसुद्धा हातात पडतो सव्वा तास! हे गणित पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्येच मांडून ठेवलंय.

असं का होतं? गावची विहीर आठवा. मोठा पंप लावला की पाणी भराभर खाली जातं आणि पंप हवा ओढू लागतो. झरे आटलेले नसतात, त्यांना भरायला वेळ मिळालेला नसतो. बॅटरीत ॲसिड प्लेटच्या बारीक छिद्रांत शिरायला असाच वेळ लागतो. जोरात करंट ओढला की पृष्ठभागाजवळचं ॲसिड संपतं, तिथेच सल्फेट साचून वाट अडते, व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर बंद होतो. थोड्या वेळाने पुन्हा चालू केला तर चालतो, तो त्यामुळेच.

हे झालं त्या दिवसापुरतं. आयुष्याचं नुकसान वेगळंच. करंट दुप्पट झाला की आतली उष्णता चौपट होते. उष्णतेने प्लेटची जाळी लवकर गंजते. वारंवार पूर्ण उपसलेल्या बॅटरीच्या प्लेटवरचा लेप सुटून तळाशी बसतो. तशीच दोन-चार दिवस रिकामी ठेवली तर सल्फेट घट्ट होतं, मग चार्जिंगनेही विरघळत नाही. (डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी घालणाऱ्यांबद्दल मी आज बोलणार नाही.)

लिफ्टच्या बॅटरीचं काम लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडण्यापुरतं. "दोन-चार फेऱ्याही मारू द्या" ही सूचना मला मान्य नाही.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते. आपल्या इमारतीत दोन घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत. पाच लिटरच्या यंत्राला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. नवी, पूर्ण भरलेली दीडशेची बॅटरी एकट्या त्याला तीनेक तास पुरेल. त्याच लाइनवर फ्रिज आणि टीव्ही असेल तर वेळ निम्म्यावर येतो. बॅटरी चार वर्षांची असेल तर त्याहून कमी. त्या दोन्ही घरांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून फ्रिज-मिक्सरचे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून घ्यावेत आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवावाच. बाकीच्यांनी आज घरी गेल्यावर मेन स्विच बंद करून एकदा बघा, काय काय चालू राहतंय ते.