दूरचित्रवाणी आणि अनुबोधपट
(वार्षिक स्नेहसंमेलनात हिंगोली येथे केलेले भाषण)



हिंगोलीच्या मोंढ्यात आज हळद काय भावाने गेली, हे दूरचित्रवाणी अर्ध्या मिनिटात सांगते. परंतु ते पीक आठ-नऊ महिने शेतात असते. पुढे ते शिजवावे, वाळवावे, पॉलिश करावे लागते. एवढ्या काळात बेण्यास पैसा कोणी दिला, व्याज किती चढले, भाव चढला तेव्हा माल कोणाच्या वखारीत होता, हे त्या अर्ध्या मिनिटात कसे मावावे?

त्यासाठी सविस्तर अनुबोधपट, म्हणजेच माहितीपट हवा. दीपा भाटिया यांचा २००९ सालचा ‘नीरोज गेस्ट्स’ पाहावा. पत्रकार पी. साईनाथ यांच्यासमवेत तो विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातो. मुंबईतील फॅशन सप्ताहास ५१२ पत्रकार आणि विदर्भासाठी देशभरातून अवघे ६, हे साईनाथांनी दाखविलेले अंतर विसरता येत नाही. यवतमाळ जिल्हा तर आपल्या शिवेलाच लागून आहे! अशा पटांना दूरचित्रवाणीने हक्काची वेळ द्यावयास हवी.

दोन वक्त्यांना समोरासमोर बसवून ओरडू देण्यास हल्ली समतोल म्हणतात. माझ्या मते ती करमणूक होय. शेतकऱ्याची विधवा, सावकार, बँकेचा अधिकारी, आडत्या यांचे ऐकावे, ते कागदपत्रांशी ताडून पाहावे आणि ज्याचे खोटे निघेल त्याचे तसे सांगावे.

आपल्या ज्ञातीत आडतेही आहेत आणि कर्जबाजारी शेतकरीही. लग्नकार्यात दोघे एकाच पंक्तीस बसतात. असा पट करण्यास उद्या कोणी गावी आला, तर दोघांनीही आपापली वही त्याच्यापुढे उघडावी, एवढीच विनंती आहे.