चुंबकातला भोवरा आणि सहा ठिपके

आजचा विषय आहे एका स्फटिकातलं कोडं. स्फटिकाचं नाव मँगनीज सिलिसाइड, आणि कोडं सुटलं ते बघण्याची दिशा बदलल्यावर.

आधी एक शब्द समजून घेऊ: कायरल. शंख आरशासमोर धरा. आरशातल्या शंखाचं वळण उलटं दिसतं, आणि तो कसाही फिरवला तरी मूळ शंखासारखा होत नाही. असा डावा-उजवा भेद ज्यात असतो ते कायरल. मँगनीज सिलिसाइडमधली अणूंची मांडणी अशीच आहे.

आता चुंबकत्व. लोखंडात शेजारशेजारचे स्पिन, म्हणजे अणूंचे इवले चुंबक, एकाच दिशेला तोंड करतात. इथे स्फटिकाच्या वळणामुळे प्रत्येक स्पिन शेजाऱ्यापेक्षा जरासा कलतो. तापमान साधारण 29 केल्विनच्या, म्हणजे उणे 244 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की गोल जिन्यासारखा पीळ तयार होतो. एक पूर्ण फेरा सुमारे 18 नॅनोमीटरचा.

हे दिसतं कसं? न्यूट्रॉनने. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पदार्थात खोलवर शिरतो. पण तो स्वतः छोटा चुंबक असतो, म्हणून स्पिनमुळे वळतो. स्पिनची रचना ठरावीक अंतराने परत परत येत असेल, तर डिटेक्टरवर ठिपके उमटतात. 1 नॅनोमीटर तरंगलांबीचे न्यूट्रॉन या पिळामुळे जेमतेम 3 अंशांनी वळतात. 1976 मध्ये इशिकावा आणि सहकाऱ्यांनी हा पीळ असाच ओळखला.

मग यायचं चुंबकीय क्षेत्र. थोडं लावलं की पिळाचा अक्ष क्षेत्राच्या दिशेला वळतो. खूप वाढवलं, 0.6 टेस्लाच्या आसपास, की सगळे स्पिन एकाच दिशेला. पण 29 केल्विनच्या जरा खाली आणि 0.2 टेस्लाच्या आसपास एक छोटासा कप्पा आहे. तिथे वेगळीच अवस्था असते. नाव दिलं 'ए फेज'. 1980 च्या दशकातही ती माहीत होती. आत नेमकं काय चाललंय, याचं चित्र मात्र स्पष्ट नव्हतं.

तोवर क्षेत्र सहसा न्यूट्रॉनच्या झोताला आडवं लावलं जायचं. म्युनिकजवळ गार्खिंगच्या अणुभट्टीवर म्युलबाउअर, फ्लायडरर आणि सहकाऱ्यांनी ते झोताच्याच दिशेने लावलं. डिटेक्टरवर सहा ठिपके, षटकोनात! हे काम 2009 मध्ये प्रसिद्ध झालं.

उदबत्त्यांचा पुडा डोळ्यांसमोर आणा. बाजूने बघितलं तर नुसत्या काड्या. टोकाकडून बघितलं की कळतं, त्या कशा रचल्यात. इथे काड्यांच्या जागी चुंबकीय भोवरे आहेत, क्षेत्राच्या दिशेने उभे. मधला स्पिन क्षेत्राच्या उलट, आणि कडेकडे येताना वळत वळत क्षेत्राच्या दिशेला. या भोवऱ्याचं नाव स्किर्मिऑन, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ टोनी स्किर्म यांच्यावरून.

पण थांबा. सहा ठिपके म्हणजे भोवरेच, असं लगेच म्हणता येत नाही. स्फटिकाच्या तीन वेगळ्या भागांत तीन वेगळ्या दिशांचे साधे पीळ असतील, तर प्रत्येकाचे दोन ठिपके, एकूण सहाच की! म्हणून दुसरा पुरावा लागला. भोवऱ्यांमधून जाणारे इलेक्ट्रॉन जादा वळतात, आणि हॉल इफेक्टच्या मोजणीत नेमकं तेवढ्याच कप्प्यात हे जादा वळण सापडलं. 2010 मध्ये लोह-कोबाल्ट-सिलिकॉनच्या पातळ चकतीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने एकेक भोवरा दिसलासुद्धा. मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. सुंदर चित्र हाती आलं, तरी शंका जिवंत ठेवली.

याचा उपयोग? हे भोवरे सहज पुसले जात नाहीत, आणि फार कमी प्रवाहाने हलतात. साध्या चुंबकी भिंती सरकवायला लागतो त्याच्या सुमारे लाखावा हिस्सा, हेही 2010 मध्ये न्यूट्रॉननेच दाखवलं. म्हणून कमी वीज खाणाऱ्या मेमरीची आशा आहे. उणे 244 अंशांवर फोन कोण वापरणार? पण 2015 मध्ये कोबाल्ट-झिंक-मँगनीजच्या संयुगांत घरातल्या तापमानालाही स्किर्मिऑन सापडले. मेमरी अजून बाजारात नाही, वाट मात्र मोकळी झालीय.

आणि हो, न्यूट्रॉन बघायला म्युनिकच गाठायला हवं असं नाही. आपल्या मुंबईत, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरही न्यूट्रॉन स्कॅटरिंगची उपकरणं आहेत. भौतिकशास्त्र शिकत असाल, तर हे लक्षात असू द्या.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!