गळती वरच्याची, ओल खालच्याची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या दिवशी हा माणूस नळ-पाइपांवर काय बोलतो, असं तुम्हाला वाटेल. पण आपली इमारत २५ वर्षांची झाली म्हणजे भिंतींतले पाइपही २५ वर्षांचेच झाले. माणसाची पंचविशी तारुण्याची, पाइपांची म्हातारपणाची. समितीकडे येणाऱ्या तक्रारी पाहा, पार्किंगच्या खालोखाल ओलीच्याच. मी आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले आणि प्लंबिंग शिकलो ते घरच्या नळांवर. जे सांगतो ते त्या दोन्हींतून आलेलं आहे.

आधी हिशेब. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सांडतो. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रोजचे सव्वाचार लिटर आणि वर्षाचे दीड हजारावर. फ्लशच्या टाकीतून मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर पाणी झिरपत असेल, तर दिवसाला २८८ लिटर आणि महिन्याला साडेआठ हजारांच्या वर. पाण्याच्या बिलात एक युनिट म्हणजे १,००० लिटर, आणि वापर वाढला की दराचा टप्पाही चढतो. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते रितेही होते. २०१९ च्या जुलैत तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं. त्या दिवसांत आपण बादल्या मोजल्या होत्या.

पण पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आतल्या लोखंडाला गंज चढवतं. गंजलेली सळई फुगते आणि सिमेंटचे पोपडे पाडते. आणि दुसरं नुकसान, वरच्या-खालच्या घरांत अबोला.

आपल्याच इमारतीत हे घडलं. नावं घेत नाही, दोन्ही कुटुंबं समोर बसली आहेत आणि आता हसताहेत. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. वरच्यांनी एका माणसाच्या सांगण्यावरून सगळी फरशी फोडली, नवी बसवली, चांगले पैसे घातले. ओल तशीच! मग वहिनींनी सहज सांगितलं, "थेंब सकाळीच जास्त पडतात हो, वर गीझर लागला की." तिथे उलगडा झाला. गीझरच्या गरम पाण्याच्या लाइनीवरचा एक एल्बो तापला की सैल व्हायचा. दुरुस्ती तासाभराची होती, आणि अबोला आठ महिन्यांचा.

म्हणून माझं पहिलं सांगणं, फोडण्याआधी पाहा. थेंब केव्हा पडतो ते चार दिवस कागदावर लिहा. रात्रंदिवस सारखा पडत असेल तर संशय पाण्याच्या लाइनीवर, कारण तिच्यात दाब कायम असतो. आंघोळीनंतरच पडत असेल तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या सांधी. गीझर लावल्यावर वाढत असेल तर गरम लाइन. पावसातच येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. आणि उन्हाळ्यात खिडकीखालची भिंत ओली दिसली, तर आधी वरच्यांच्या कूलरचा फ्लोट पाहा. टाकी भरून वाहत असते आणि बिचाऱ्या पाइपाला दोष मिळतो.

फ्लशच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. गच्चीवरच्या टाकीसाठी रात्री पाणी चढवणं थांबवा, खाली जाणाऱ्या लाइनींचे कॉक बंद करा आणि पातळीवर खडूची खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं, तर टाकीच गळते किंवा एखादा कॉक पाणी धरत नाही. नाही गेलं, तर एकेक लाइन उघडून शोधा.

आता दुरुस्ती. नळाचा वॉशर कुणीही बदलू शकतो, फक्त आधी कॉक बंद करा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा, उलट गुंडाळली तर घट्ट करताना सुटते. गीझरच्या लाइनीला सीपीव्हीसी पाइपच हवा. थंड पाण्याचा साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. सांधा सरळ कापा, कोरडा पुसा, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडू नका. एमसील म्हणजे जखमेवरची पट्टी, चार दिवसांची. ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवरचे उघडे पाइप लवकर खराब होतात, त्यांना पांढरा रंग द्या किंवा वेष्टन घाला.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकलं, तर ती गळती नव्हे. वाढलेला दाब तो बाहेर सोडतो. तो कधीही बुजवू नका. फार ठिबकत असेल तर जाणकाराला बोलवा. आणि गीझरला हात लावण्याआधी वीज बंद करा, नुसतं बटण नव्हे, एमसीबी.

खर्च कुणाचा, हा नेहमीचा वाद. आदर्श उपविधींत त्याचं उत्तर आहे. बाहेरच्या सामाईक लाइनी, टाक्या, गच्ची आणि पावसाची गळती सोसायटीकडे. घरातल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाकडे. नोटीस देऊन समिती तपासायला आली, तर सभासदाने दार उघडायचं. दुरुस्ती निधीला वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाला किमान ०.२५ टक्के जमा करायचे असतात. जुन्या बँकवाल्याची विनंती, ही रक्कम "या वर्षी नको" म्हणून टाळू नका. इमारतीचं म्हातारपण हप्ता चुकवत नाही.

शेवटी एक सूचना. वॉचमनच्या केबिनमध्ये एक गळती रजिस्टर ठेवू या. तारीख, फ्लॅट, थेंब केव्हा पडतो आणि काय केलं, एवढ्या चार रकान्यांचं. खालच्यांनी भांडायला वर जाण्याआधी त्यात नोंद करावी, आणि वरच्यांनी नोंद वाचून दोन दिवसांत दार उघडावं. गळती वरच्याची असते, ओल खालच्याची असते, पण स्लॅब दोघांचा एकच आहे.